हंगामाचे केस

एकमेकांना धडका देत खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कॉलेजच्या संघातलं कुणी केस कापत नसे. डोकं वाचवायला चामडी टोपी घालणारा भित्रा ठरायचा. डोक्यावर मार बसलाच, तर वाढलेल्या केसांची तेवढीच गादी. नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाला हंगामातला शेवटचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी कप्तानाने सगळ्यांचे केस कापायचे, अशी रीत होती.

या वर्षी संघ एकही सामना हरला नव्हता, कालचाही नाही. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात हसण्याखिदळण्यात कात्री चालली होती. शेवटी लेस्टर स्टुलावर येऊन बसला.

"या झोपाळूराव!" कप्तान वेंडेल म्हणाला. "आज तरी जागे आहात ना?"

सगळे हसले. ऑक्टोबरपासून लेस्टर वर्गात झोपायचा आणि तेच तेच पुन्हा विचारायचा. "पुढचा सामना कुणाशी?" असं त्याने विचारलं की पोरं मुद्दाम दर वेळी वेगळंच नाव सांगायची.

मानेवरची झुलपं खाली पडली. कानामागे पोचल्यावर वेंडेलची बोटं थबकली. तिथे हाड आत दबलेलं होतं आणि वरची जखम केव्हाच भरून आली होती.

"लेस्टर, हे कधी लागलं तुला?"

लेस्टर जमिनीवरच्या केसांकडे बघत होता. खाली वाकून त्याने ते मुठीत गोळा केले आणि डोक्यावर दाबून धरले.

"वेंडेल, हे काय केलंस रे? उद्या सामना आहे ना आपला?"