उजवा कोपरा

"आधी छपरावरची पानं झाड, मग बटण दाब, आणि कडेचं रबर नीट बसलंय का ते बाहेरून कुणी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही." चाकांवरचं हे घर घेतलं तेव्हा नवऱ्याने, लॉवेलने, बजावलेलं आर्डिथला अजून पाठ होतं. तेव्हा आत-बाहेर सगळी धावपळ तोच करायचा. मेंदूचा झटका आल्यापासून मात्र तो बाहेर खुर्चीत बसून रबर तेवढं बघायचा.

तिने आतून बटण दाबलं. मुक्कामापुरती गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकवलेली झोपायची खोली कुरकुरत आत आली.

"बसलं का रे?"

"चोख बसलं. तू लावलास तेवढ्या वेळात माझं दुसरं लग्न झालं असतं."

"कोण बसलं होतं तुझ्यासाठी थांबून?"

ती दमून पायरीवर टेकली. झटक्यानंतर लॉवेलला उजवीकडचं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे त्याला उमगतही नव्हतं. मागच्या प्रवासात उजव्या कोपऱ्यात रबर दुमडलेलं राहून तिथून पाऊस शिरला आणि गादी भिजली, तेव्हा आपल्या हातून कॉफीची किटली लवंडली असं तिने सांगितलं होतं आणि रात्री प्रार्थनेत देवाची क्षमा मागितली होती.

"चाकांतली हवा बघून येते," म्हणत ती गुडघे धरून उठली. इस्पितळात त्याने तिच्याकडे एकच मागणं मागितलं होतं, "माझं काम माझ्याकडून काढून घेऊ नकोस." रबर पुन्हा दुमडलं असलं तर ते सोडवायला तिने लाकडी उलथनं खिशात टाकलं आणि त्याच्या उजव्या बाजूने, पाय न वाजवता, कोपऱ्याकडे निघाली.