खलनायिकेचा आवाज

"टेक ओके," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "ताई, अंगावर काटा आला बघा. हा आवाज आणलात कुठून?"

ताई खूश झाली. इतकी वर्षं डबिंगमध्ये तिच्या वाट्याला फक्त नायिकेच्या मैत्रिणी यायच्या. मग उन्हाळ्यात आवाज आपसूक खाली उतरला, खरखरीत झाला आणि खलनायिका चालून आली. चहा-काढा पिऊन ती घसा तेवढा जपत होती.

पण सुखाला दृष्ट लागली. त्याच कोंदट बूथमध्ये, शेजारच्या माइकवर उभा राहणारा तिचा धाकटा भाऊ गेल्या महिन्यात खोकायला लागला. टीबी निघाला. तो राहायचाही तिच्याकडेच. घरात चार वर्षांची पोर, ताईच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

"तायडे, मास्क लावून कोपऱ्यात पडून राहीन गं," तो म्हणाला.

"माझ्या लेकीला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही मी."

त्याच दिवशी तिने त्याला लॉजवर धाडलं. त्याचं ताट, पेला, उशीसुद्धा फेकून दिली.

दवाखान्यातून नर्सबाई आल्या. "छोटीची तपासणी करू, प्रतिबंधक गोळ्या सुरू करू. तुम्हीही थुंकी तपासायला द्या."

"ज्याला झालाय तो गेला की घरातून. धडधाकट पोरीला औषधं कशाला?" ताई फणकारली. तरी एकदाची ब्याद टळावी म्हणून स्वतःचा नमुना तेवढा दिला.

मग ती निर्धास्त झाली. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून घरच्या खिडक्या लावून घ्यायची, छोटीला मांडीवर घ्यायची आणि उद्याचे संवाद तिच्या कानाशी घोळवायची. छोटी खिदळायची, "परत, परत." मायलेकींची दुपार मजेत जायची.

अशाच एका दुपारी नर्सबाई पुन्हा आल्या. बसल्या नाहीत. आधी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"अहो, हे काय चालवलंय?" ताईने विचारलं.

नर्सबाईंनी एक मास्क पुढे केला. "रिपोर्ट आलाय. टीबी तुम्हालाही आहे, आणि तुमचा जुना आहे. घशातही उतरलाय, आवाज बसला तो त्यानेच."

छोटीने ताईच्या गळ्याला मिठी मारली.

"म्हणजे भावाला तो तुमच्याकडूनच गेला असणार," नर्सबाई हलकेच म्हणाल्या. "छोटीला माझ्याकडे द्या."