लहानपणाची साक्ष

"लहानपणी खोटं बोलायचा का?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशी हसल्या. "एकदाच बोलला. त्या रात्री ताप चढला. सकाळी खरं काय ते सांगून टाकलं, तेव्हा उतरला."

डॉक्टरांनाही हसू आलं. आमचा धाकटा खोटं बोलतो आणि वर दोन घास जास्त जेवतो, असं म्हणून त्यांनी समोरच्या तक्त्यात एक खूण केली.

तुरुंगाला लागून असलेल्या त्या खोलीत दुपार पेंगुळली होती. फिकट पडद्यातून आलेलं ऊन टेबलावर पाण्यासारखं हलत होतं. पंखा फिरत होता, पण वारा कुणाच्याच वाट्याला येत नव्हता. फाटकावरच्या शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी त्यांना आल्या आल्या मावशी करून टाकलं होतं. पांढरे केस, मऊ आवाज, मांडीवर स्वस्थ ठेवलेले हात. दुसरं काही म्हणायला कुणाची जीभ वळली नसती.

डॉक्टरांना तर देव पावल्यासारखं झालं होतं. एका तरुणाचा जीव घेतलेल्या कैद्यानं सुटकेचा अर्ज केला होता. त्याच्या पोटात दयामाया आहे की नाही, हे डॉक्टरांना मोजायचं होतं. नुसतं कैद्याच्या तोंडचं धरायचं नाही, त्याला लहानपणापासून ओळखणारं माणूस गाठायचं, असा त्यांच्या कामाचा दंडक. आई लवकर गेली, मावशीनं वाढवलं, एवढंच कागदोपत्री होतं. मावशीचा पत्ता काही लागत नव्हता. अन् आज ही बाई आपण होऊन दारात उभी राहिली.

मावशींच्या जिवाला मात्र एकच घोर होता. तो सुटेल ना? कित्येक वर्षं त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. तो बाहेर यायलाच हवा होता, आपले हातपाय चालताहेत तोवर.

"दयामाया नसलेली माणसं तुरुंगातच असतात असं समजू नका," डॉक्टर जरा फुगूनच सांगत होते. ती गल्लीत असतात, कचेरीत असतात, रांगेत आपल्याला पुढे जा म्हणतात. डोळ्याला डोळा भिडवून थाप मारतील, पण आवाज तसूभर हलायचा नाही.

"बाई गं," मावशी म्हणाल्या. "मग ओळखायची कशी?"

"त्यासाठीच तर आम्ही आहोत."

मग डॉक्टरांनी मुक्या जनावरांबद्दल विचारलं. आणि मावशींच्या भोवतालची खोली हळूहळू लांब गेली. दगडी हौदाच्या काठावर तो पालथा पडला होता. पाण्यात पडलेल्या मुंग्यांना पानावर घेऊन एकेक करून काठावर सोडत होता, आणि प्रत्येकीला घरी जा म्हणत होता. त्याच्या मानेवर ऊन होतं. जेवायला हाका मारल्या तरी अजून एक राहिली म्हणायचा. रात्री बोट धरून झोपायचा. बोट सोडवलं की झोपेतच चाचपायचा.

सांगता सांगता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ह्या खोलीत त्यांनी पुष्कळ जणांना रडताना पाहिलं होतं, आणि खरं रडू त्यांना कळत असे. हे खरं होतं.

"खरं सांगतो," ते नरमून म्हणाले, "तुमचा मुलगा माझ्या हिशेबात काठावर आहे. बोलतो गोड, फारच गोड. तुम्ही सांगताय ते नसतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

"मेलेल्या मुलाबद्दल काय म्हणाला तो?"

डॉक्टर घुटमळले. "नाव आठवत नाही म्हणाला."

मावशींनी पेला उचलला, दोन घोट पाणी प्याल्या आणि पेला होता तिथेच ठेवला.

"विसरभोळाच आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

त्या मुलाच्या घरच्यांनाही पत्र गेलं होतं, सुटकेला हरकत आहे का म्हणून. उत्तरच आलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी आता सोडून दिलं असेल.

"हो. माणूस किती दिवस धरून बसणार?"

उठताना डॉक्टरांनी त्यांना धीर दिला. इथलं बोलणं बाहेर जात नाही. तुम्ही आला होता हेसुद्धा त्याला कळणार नाही. हवं तर आत्ता भेट घालून देतो. मावशींनी मान हलवली. गजाआड नको, बाहेर आल्यावरच भेटेन म्हणाल्या. डॉक्टरांना ते पटलं. त्यांनी दारापर्यंत सोबत केली, पायरी दाखवली.

अर्ज मंजूर झाला. तो सुटला त्या सकाळी धुकं इतकं होतं की तुरुंगाची भिंतसुद्धा असून नसल्यासारखी वाटत होती. मावशी गाडी घेऊन फाटकाशी थांबल्या होत्या. मावशी न्यायला आल्यात, असं शिपायानं सांगितलं तेव्हा तो क्षणभर थबकला, पण फुकटचं वाहन नाकारणाऱ्यांतला तो नव्हता. गोड हसून शेजारी येऊन बसला. मावशींनी त्याची पिशवी मागे ठेवली, दारं लावून घेतली आणि गाडी काढली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंची झाडं धुक्यातून यायची आणि धुक्यातच जायची. मावशी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होत्या, आणि गाडी अगदी सावकाश चालवत होत्या. बऱ्याच वेळानं त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"राग मानू नका हं," तो म्हणाला, "पण ओळख नाही लागली."

"कशी लागेल?" रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "खटला चालला तेव्हा मी रोज तुझ्या मागच्याच बाकावर बसायचे, पण गेलेल्या पोराची आई कोण ते बघायला तू एकदाही वळला नाहीस."