गुंड्याची तब्येत

घड्याळजींचं पोट महिनाभर दुखत होतं आणि बायकोच्या फोनवर रोज नवा घरगुती उपाय येत होता. दुधीचा रस झाला, लसणाचं पाणी झालं, आता कसल्याशा सालीचा काढा सुरू होता. डॉक्टरचं नाव काढलं की ती फिस्कारायची, "ऊठसूट काय डॉक्टर? आधी नाक दाबून हे प्या बघू."

गुंड्या नावाच्या गिनिपिगचा थाट मात्र जावयासारखा. त्याच्या ऐसपैस पिंजऱ्यापायी घड्याळजींचं दुरुस्तीचं टेबल केव्हाच गॅलरीत गेलं होतं. त्याला रोज ताजं गवत, धुऊन पुसलेली सिमला मिरची, शिवाय वेळच्या वेळी दातांची तपासणी.

आज गुंड्यानं गवताला तोंड लावलं नाही आणि बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, खाणं सोडलं की या जिवांना जराही उशीर चालत नाही! जनावरांच्या डॉक्टरांना फोन केलाय, आधी गाडी काढा!"

हातात काढ्याचा पेला धरून घड्याळजी ही धावपळ बघत राहिले. महिनाभरात आपल्यासाठी गाडी सोडा, साधी चप्पलसुद्धा कुणी पायात घातली नव्हती. त्यांनी पेला शांतपणे पिंजऱ्यापुढे धरला.

"डॉक्टर कशाला? तुझा रामबाण काढा आहे की. पाज त्याला."

तिनं पेला हिसकावून घेतला.



"लाज नाही वाटत? वाट्टेल ते पाजायला माझा गुंड्या काय गिनिपिग वाटला तुम्हाला?"