सुकटीचं गिऱ्हाईक

चांगुणाने सुकटीने भरलेलं माप उचललं आणि ते तिच्या हातातच राहिलं. समोर फाटकं सूप धरून वाकलेल्या काकींचा पदर सरकला होता आणि गळ्यात तुळशीची माळ दिसत होती.

"माळ कधी घातलीत, काकी?"

"मागच्या शिमग्याला."

चांगुणा गोंधळली. बंदरावरची सुकी मासळी या गावात द्यायची आणि तांदूळ न्यायचे, हा तिच्या आईपासूनचा व्यवहार. शिमग्यानंतरही ती कितीदा आली आणि दर खेपेला काकींनी सुकट घेतली. घरात तर त्या एकट्याच.

"मग ही खातं कोण?"

काकींनी परसाकडे हात केला. "आंबा. खत म्हणून मुळाशी घालते."

आपण कचरा वेचून साफ केलेली सुकट झाडाला गेली म्हणून रागवावं, की त्या तांदळावर आपली पोरं जेवली म्हणून पाया पडावं, चांगुणाला कळेना. तिने माप टोपलीत उपडं केलं.

"धर्माचे तांदूळ नकोत मला."

"धर्म कसला? तू आलीस की घटकाभर माणसाचा आवाज ऐकते." काकी सूप खाली ठेवेनात. "माळ घालताना बुवांनी मासळी सोडायला सांगितली. कोळणीला सोडायचं काही बोलले नाहीत."

 चांगुणाने माप पुन्हा भरलं, वर एक मूठ जास्तीची घातली आणि स्वतःच उठून परसात निघाली. इतक्या दिवसांचं आपलं गिऱ्हाईक दिसतं तरी कसं, ते एकदा बघावं म्हणून.