क्लचवरचा पाय

बरकतपुऱ्याच्या चढावर गाडी नुसत्या डरकाळ्या फोडत होती आणि पुढं सरकत होती गोगलगाईसारखी. मागून हॉर्नवर हॉर्न. एक रिक्षावाला शेजारी येऊन "सो गए क्या, साब?" विचारून निघून गेला.

"दाब की जोरात," वासंतीबाई म्हणाल्या.

"दाबतोय, आई. इंजिन पळतंय, चाकं पळत नाहीत."

"म्हणजे तुझ्या ऑफिसासारखंच. आवाज सगळा, काम काही नाही."

वासंतीबाईंची जीभच अशी. शाळा तिसरीपर्यंत, पण नल्लकुंट्यातले वकीलसुद्धा त्यांच्यापुढं तोलून बोलत. नवऱ्यामागं शिवणयंत्र चालवून एकटीनं पोर मोठं केलं, त्याचा ताठा अजून मानेत होता. आज मात्र त्यांनी पदर घट्ट लपेटून घेतला होता. गाडीत जळकट वास भरला होता. तीन महिन्यांपूर्वी अनिलनं ही जुनी गाडी दारात आणली, त्या दिवसापासून त्यांना वाटत होतं की हिच्यात आपण दोघंच बसत नाही. आणखी कुणीतरी असतं.

"काढून टाक ही गाडी. आजच."

"क्लचपायी गाडी काढतं का कुणी? जहीरभाईला दाखवू."

रखडत रखडत ते अफझलगंजला पोचले. जहीरभाई जुना मिस्त्री. त्यानं हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला, जरा रेस देऊन क्लच हळूहळू सोडला.

"क्लच अच्छा रहा तो इंजिन अब्बी मर जाना, अम्मा."

सगळे कान देऊन उभे राहिले. इंजिन घुरघुरतच राहिलं.

"देखे? मरना था, मरा नै."

वासंतीबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

केबल ठीक होती. तेलही कुठं गळत नव्हतं. राहिली प्लेट. दुपारी गिअरबॉक्स उतरला आणि प्लेट बाहेर आली, तव्यावर करपलेल्या भाकरीसारखी काळी.

"साब, आप पाँव रखके चलाते क्लच पे?"

"अजिबात नाही."

जहीरभाईनं पेडलवर टॉर्च मारला. रबराची डावी कड झिजून गुळगुळीत झाली होती. उजवीकडची नक्षी कोरी करकरीत.

"ये तीन महिने का काम नै. पुराना मालिक बैठता था पाँव टेक के. पाँव भी टेढ़ा दिखता. पूरा वजन एकीच बाजू."

वासंतीबाई मटकन स्टुलावर बसल्या. अनिलनं पाण्याची बाटली पुढं केली.

"काय झालं, आई?"

"तुझे बाबा," त्या म्हणाल्या. "डावा पाय वाकडा होता त्यांचा. चप्पल अशीच झिजायची. एकाच कडेला."

अनिलला बाबा आठवत होते ते त्या चपलेपुरतेच. तो सहा वर्षांचा असताना मुसी नदीला लोंढा आला आणि गोविंदराव वाहून गेले. देह मिळाला नाही. काठावरून चप्पल तेवढी वासंतीबाईंनी आणून भावकीला दाखवली. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि अनिलनं, काही न कळता, त्याला अग्नी दिला. तेव्हापासून एक पितृपंधरवडा चुकला नव्हता. वासंतीबाई चुकू देत नसत.

"अगं, पण बाबांना गाडी कुठं यायची? सायकल होती ना त्यांच्याकडे?"

"मेल्यावर शिकले असतील."

जहीरभाई हसला. अनिलही हसला, आई मात्र हसली नाही. तिनं पदर आणखी घट्ट ओढून घेतला.

"हे बघ, मनातून काढून टाकू," तो म्हणाला. "ज्यानं विकली त्यालाच विचारतो. कागदावर कुणा पद्मावतीचं नाव आहे, राहणार मुसीपलीकडं, याकुतपुऱ्याला. गाडी चालवायचा तिचा नवरा. एजंट सांगत होता, दुसरं गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार होतं, तरी म्हातारा अडून बसला की गाडी या मुलालाच द्यायची. भला माणूस असणार. नंबर आहे माझ्याकडे."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना! असल्या वस्तूच्या मुळाशी जायचं नसतं. विचारलंस की ते घर बघत येतं."

"आई, भुताला फोन करत नाहीये मी."

"अम्मा डर गए," जहीरभाई पुटपुटला.

"डरले असेन. तुझ्या बापाचं काही गेलं?"

पण अनिलनं नंबर लावला होता. पलीकडं रिंग वाजू लागली. तोच जहीरभाईनं त्याला गाडीखाली हाक मारली. फ्लायव्हीलवरचे तापून पडलेले निळे डाग दाखवायचे होते. वासंतीबाई उठल्या आणि मुलाच्या हातातून फोन काढून घेतला.

"जा, तू बघ ते. बाईच्या नावावरची गाडी आहे, बाईशी मी बोलते."

त्या फाटकापर्यंत चालत गेल्या. रस्त्यावर बसगाड्यांचा कल्लोळ होता. त्यांनी एक कान बोटानं बंद केला, दुसऱ्याला फोन लावला.

रिंग थांबली. कुणीतरी खोकलं. मग एक म्हातारा, दमेकरी आवाज आला.

"हॅलो? कौन?"

वासंतीबाईंनी मागं वळून पाहिलं. अनिल गाडीखाली वाकला होता. त्याला काही ऐकू जाणार नव्हतं.

"अनिलचे बाबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आपलं ठरलं होतं. तुम्ही मुसी ओलांडायची नाही."