फाटकापलीकडून

मर्व्हने फाटकाची कडी काढली, तशी टेगन आतून ओरडली, "काका, मागे व्हा!"

अंगभर पांढरा पोशाख, दोन-दोन हातमोजे, चेहऱ्यावर जाड मास्क. क्वीन्सलँडच्या उन्हात ती उकडून निघाली होती. समोर टॉफी, मर्व्हची सत्तावीस वर्षांची घोडी, पाय फाकवून डुलत उभी होती. नाकातून फेस गळत होता. सकाळीच प्रयोगशाळेतून कळलं होतं: हेंड्रा. वटवाघळांकडून घोड्याला आणि घोड्याकडून माणसाला होणारा जीवघेणा रोग. औषध नव्हतंच. हाल थांबवणं, एवढंच टेगनसारख्या जनावरांच्या डॉक्टरच्या हातात होतं.

"एकदाच हात फिरवतो, पोरी," म्हातारा म्हणाला. "एक्क्याऐंशी झाली मला. आता मला काय व्हायचंय?"

"जे होईल ते मला बघावं लागेल. याच घोडीवर तुम्ही मला बसायला शिकवलंत. तुम्हा दोघांनाही एकाच महिन्यात मी मातीआड करणार नाही."

मर्व्हने कडी परत लावली. पहिल्यांदा ती लागलीच नाही.

टेगन पुढे सरकली. पोशाखाची सळसळ ऐकून टॉफी बिचकली, भिंतीवर आदळली. अशा घाबरलेल्या जिवाला सुई टोचायला टेगनचा हात धजेना.

"काका, हिला कुठं खाजवलेलं आवडतं?"

"आयाळीच्या मुळाशी. छे, तसं नाही! गुदगुल्या काय करतेस? नखं लाव."

"दोन हातमोज्यांत नखं कुठून आणू?"

"मग दाबून घास. हां. थांबू नकोस, हावरट आहे ती, ढुशी देईल."

टेगन मुद्दाम थांबली. टॉफीने खरंच तिच्या दंडाला ढुशी दिली. फाटकापलीकडे म्हातारा खुदकन हसला आणि मग त्याने बाहीने नाक पुसलं.

"बोलत राहा," सुई उचलत टेगन म्हणाली.

मर्व्ह टॉफीशी बोलत राहिला. म्हातारे, चोरटे, शेजाऱ्याच्या उसात घुसायचीस आणि वर माझ्याकडेच साळसूदपणे बघायचीस. लाडाच्या जेवढ्या शिव्या येत होत्या, तेवढ्या त्याने घातल्या. टेगनने सुई टोचली. घोडीचे गुडघे वाकले. ती हळूहळू आडवी झाली.

टेगन बराच वेळ तिच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावून बसली.

"गेली, काका."

"हं." मर्व्ह फाटकावर ओणवला होता. "पण तिचे कान बघ ना. अजून माझ्याकडेच वळलेले आहेत."